ग्रिडवरून उतरून ॲम्पसमोर

गेली बरीच वर्षं मी पुण्यात बसून टेक्नो आणि ॲम्बियंट बनवत आलोय, बहुतेक वेळ रात्री, हेडफोन लावून, एकटा. आणि आता काही काळापासून चौघांच्या बँडमध्ये डिस्टॉर्शन लावून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून, गिटार वाजवतोय, तेही चांगल्या मोठ्या आवाजात. ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे इलेक्ट्रॉनिक सोडलंस का?" सोडलं नाहीये. पण वाद्य बदलल्यावर माझं ऐकणंच बदललं, ते कसं ते एकदा सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण सिंथकडून (सिंथेसायझरकडून) गिटारकडे येणाऱ्याला उपयोगी पडेल असं मराठीत मला तरी फारसं कुठे सापडलं नाही.

सुरुवात साधी होती. एका मित्राच्या बँडला दोन गाण्यांत सिंथ हवा होता म्हणून त्यांच्या जॅमरूमवर, म्हणजे सरावाच्या खोलीवर गेलो, आणि जागा नव्हती म्हणून उभा राहिलो ते थेट गिटारच्या कॅबिनेटसमोर, बारा इंची चार स्पीकरवाल्या. त्यांच्या गिटारिस्टने एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मारला आणि धरून ठेवला, बस. माझ्या पँटचा कापड पायाला लागून थरथरत होता आणि तो कॉर्ड मरतच नव्हता, उलट धरून ठेवला तसा आतून बदलत चालला होता. मी वर्षानुवर्षं सिंथचे ऑसिलेटर (सूर काढणारा भाग) आणि फिल्टर फिरवून "हलता" आवाज करायच्या मागे होतो, एलएफओ (आवाज संथपणे हलवणारी लहर) लावायचो, ऑटोमेशनच्या रेषा काढायचो, आणि इथे एक माणूस काहीच न करता नुसता उभा राहून ते करत होता.

तसं मोठा आवाज अंगावर घेणं पुण्यात वाढलेल्या कुणालाच नवीन नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला पथक समोरून जाताना ढोल कानाआधी छातीत कळतो, ते लहानपणापासून माहितीये. पण संगीत बनवताना मी त्या अनुभवाला कधी मोजलंच नव्हतं. लॅपटॉपवर काम करताना आवाज म्हणजे डोळ्यांना दिसणारी आकृती असते, किक कुठे, हायहॅट कुठे, रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची शेपटी किती लांब, सगळं स्क्रीनवर. मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, व्हॉल्यूम मुद्दाम कमी ठेवायचा असतो आणि ते बरोबरच आहे, शिवाय रात्री बारा वाजता पेठेतल्या वाड्यात दुसरा इलाजही नसतो. म्हणजे आवाज किती मोठा हे माझ्यासाठी सगळं झाल्यावर, क्लबमधल्या माणसाने ठरवायचं होतं. डिस्टॉर्टेड गिटारमध्ये ते उलटं आहे, तिथे व्हॉल्यूम हाच वाद्याचा एक भाग आहे, तो काढला तर वेगळंच वाद्य उरतं. मला जे सांगायचंय ते मुख्यतः हेच आहे, बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

गिटार घ्यायच्या आधी साहजिकच मी बघितलं की हा रस्ता आधी कुणी चाललंय का. सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण मोबीचं. नव्वदीच्या सुरुवातीला डान्स म्युझिकमध्ये मोठं नाव झालेलं, आणि १९९६ मध्ये त्याने 'ॲनिमल राइट्स' नावाचा अल्बम काढला, पंक आणि हार्ड रॉकच्या अंगाचा, गिटार ओरडतायत, हा स्वतः ओरडतोय. समीक्षकांनी झोडपलं, खप पडला, डान्स फ्लोअरवाले चाहते बुचकळ्यात. मग १९९९ ला 'प्ले' आला, पुन्हा इलेक्ट्रॉनिक, त्याच्या जगभरात एक कोटीच्या वर प्रती गेल्या. यावरून लोक सरळ निष्कर्ष काढतात की बघा, आपली जागा सोडू नये. मला हे अजिबात पटत नाही. हा माणूस शाळकरी वयात कनेटिकटमध्ये हार्डकोर पंक बँडमध्ये गिटार वाजवायचा, म्हणजे गिटार त्याच्याकडे डान्स म्युझिकच्या आधीपासून होती, तो स्वतःच्याच घरात शिरत होता. आणि तो अल्बम आज ऐकताना मला त्यात कुठेही पोज वाटत नाही.

दुसरं उदाहरण शिकागोच्या मिनिस्ट्री या बँडचं. १९८३ चा त्यांचा पहिला अल्बम चक्क सिंथपॉप आहे, आणि त्याच अल जोर्गनसेनने दशक संपेपर्यंत सॅम्पलर, ड्रम मशीन आणि मेटल गिटार एकत्र कोंबून असं काहीतरी उभं केलं की ते ऐकून पुढच्या इंडस्ट्रियल मेटलवाल्यांची पिढी तयार झाली. त्याने मशीन टाकून दिलं नाही, मशीनसारखा न थकणारा रिफ (परत परत येणारा सुरांचा तुकडा) गिटारकडून वाजवून घेतला. मला हे जास्त जवळचं वाटलं.

आणि आपल्या मुंबईत हाच प्रवास उलट्या दिशेने झालेला आहे, तो आठवल्याशिवाय मला राहवत नाही. चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये गिटार वाजवणारा सेशन म्युझिशियन. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन मशीन घेतली, टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बासचं मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ), आणि दहा रागांवर एक डिस्को रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. शिकागोत ॲसिड हाऊस या डान्स म्युझिकचा म्हणून जो आवाज १९८७ च्या आसपास गाजला तो त्याच ३०३ चा, म्हणून २०१० मध्ये ही रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगभर लोक थक्क झाले. मला त्यात सगळ्यात भावतं ते हे की त्यातल्या सरकत जाणाऱ्या मींडा गिटारवाल्या हाताच्या वाटतात, मशीन हातात आलं तरी कान गिटारिस्टचाच राहिला. मग सिंथवाल्याने गिटार घेतली तर त्याचा कान कुठे जाणार? मुंबईच्याच पेंटाग्राम बँडने १९९४ ला गिटार रॉकपासून सुरुवात करून पुढे इलेक्ट्रॉनिक्स आत घेतलं, तर हे इकडून तिकडे जाणं आपल्याकडेही काही जगावेगळं नाही.

आता डिस्टॉर्शनबद्दल, कारण इथे माझा जुना अभ्यास सगळ्यात जास्त कामाला आला. सिंथवाल्यांना वेव्हशेपर (लहरीचा आकार बदलणारा भाग) माहीत असतो, साइन वेव्ह, म्हणजे साधी गुळगुळीत लहर, आत घाला, जोरात ढकला, वरची खालची टोकं कापली जातात, आणि कापल्यामुळे नवे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या वरचे उपसूर) तयार होतात. गिटार ॲम्पमध्ये हेच होतं. सुरुवातीला तर ते बिघाड म्हणूनच व्हायचं, किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ॲम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने चिरला आणि तो फाटका आवाज मुद्दाम रेकॉर्ड केला, त्याच्या आधी १९६२ ला मॅस्ट्रोचा फझ पेडल (पायाने दाबून आवाज फाडणारी डबी) बाजारात आलेला होता. थोडक्यात लोकांना आवाज फाटलेला हवा होता आणि त्यासाठी ते वाट्टेल ते करत होते.

पण खरी मजा पॉवर कॉर्डमध्ये आहे. रॉकवाले मूळ सूर आणि पंचम एवढेच दोन वाजवतात, गंधार गाळतात, हे मला आधी आळशीपणा वाटायचं. कागदावर आकडे मांडले तेव्हा कळलं. ११० हर्ट्झचा ए (इंग्रजी नावांतला एक सूर) घ्या आणि त्याचा पंचम साधारण १६५. दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा आणि बेरजेचा सूरही तयार होतो. १६५ मधून ११० गेले, राहिले ५५, म्हणजे तोच ए एक सप्तक खाली, जो कुणी वाजवलेलाच नाही! दोन बोटांत तिसरा सूर फुकट, आणि तोही सगळ्यात जड. आता पंचमाऐवजी गंधार घाला, गिटारच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) तो १३८.६ ला पडतो, वजाबाकी २८.६, हा सूर धड कुठल्याच सप्तकातल्या ए शी जुळत नाही, त्यामुळे आवाज गढूळ होतो. गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा ते, कमी केला की तोच गंधार परत सुंदर वाटतो. हे समजल्यावर मी कॉर्ड निवडायची पद्धतच बदलली, म्हणजे वर्समध्ये (कडव्यात) गेन कमी, तिथे भरलेले कॉर्ड, आणि कोरसला (धृपदाला) पेडल दाबलं की दोनच सूर. सिंथवर मी पाच-सहा सूर एकावर एक रचून "मोठा" आवाज करायचो. इथे सूर काढून टाकले की आवाज मोठा होतो.

ॲम्प घेताना वॉटचा गोंधळ सगळ्यांचा होतो म्हणून थोडं सांगतो. ५० वॉटपेक्षा १०० वॉट फक्त ३ डेसिबलने जास्त, कानाला जेमतेम फरक. आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आणि व्हॉल्व्ह ॲम्प (जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा) गोड लागतो तो त्याचे पॉवर व्हॉल्व्ह दमायला लागले की, १०० वॉटचा ॲम्प जॅमरूममध्ये त्या जागेपर्यंत नेला तर माणसं बाहेर पळतील. म्हणून मी पंधरा वॉटचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प घेतला, सेकंडहँड. ड्रमरसमोर तो पुरतो, कधीकधी जास्तच होतो.

बोटांचं म्हणाल तर दुखतं, घट्टे पडेपर्यंत दुखतं, त्याला शॉर्टकट नाही. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी आठवावा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे नेमका फ्रेट दाबायचाच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या स्ट्रिंग्ज लावल्या, आणि पुढे ताण अजून कमी व्हावा म्हणून गिटार खाली उतरवली, १९७१ च्या ब्लॅक सॅबथच्या अल्बममध्ये काही गाणी तीन सेमीटोन (तीन स्वरघरं) खाली आहेत. मेटलचा तो जड आवाज एका जखमेतून आलेला आहे. मी स्वतः सहावी स्ट्रिंग डी ला उतरवून वाजवतो, म्हणजे साधारण ७३ हर्ट्झ, एका बोटाने पॉवर कॉर्ड बसतो आणि उजव्या हाताला तळव्याने दाबत वाजवायला मोकळीक मिळते. ही तळव्याची दाब म्हणजे पाम म्यूट, तो मला सगळ्यात लवकर जमला, कारण मनात मी त्याला सिंथचा फिल्टर एन्व्हलप (आवाजाची धार उघडणारा-झाकणारा भाग) म्हणूनच ऐकत होतो, तळवा ब्रिजकडे सरकवला की फिल्टर उघडतो, आत आणला की बंद. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र स्ट्रिंग्ज भराभर गंजतात आणि लाकूड ओल धरून नेक थोडा हलतो, केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि वाजवून झालं की स्ट्रिंग्ज पुसा, एवढं केलं तरी पुष्कळ.

यापेक्षा कितीतरी अवघड गेलं ते वेळेचं. मी ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सारख्या अंतराच्या रेषांवर वाढलेला माणूस. मिनिटाला १२८ ठोके म्हणजे १२८, पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत. आमचा ड्रमर एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, दर वर्षी पावसाळ्यात नदीपात्रात प्रॅक्टिस सुरू झाली की संध्याकाळी तो आमच्या वाट्याला येत नाही. त्याचा वेळ तिथे घडलाय. पन्नास-साठ ढोलांना एक ताशा ओढून नेतो, क्लिक (कानात वाजणारे मोजणीचे ठोके) नाही, कंडक्टर नाही, ताशाची काडी जरा पुढे सरकली की सगळे ढोल तिच्यामागे पुढे सरकतात. तर हा कोरस आला की पुढे झुकायचा. मी सुरुवातीला म्हणालो, "अरे आपण फास्ट होतोय." तो म्हणाला, "होतोय ना. मग?"

त्या "मग?" ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन जॅमचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकलं आणि बीट मोजले, वर्सला १४२, कोरसला १४६ पर्यंत, आणि शेवटच्या कोरसनंतर जिथे सगळे थांबतात आणि फक्त गिटार उरते तिथे परत खाली. हा चढउतार दर टेकला जवळपास सारखाच होता, म्हणजे तो त्याच्या हातात पक्का बसलेला होता. मी प्रयोग म्हणून तेच ड्रम्स ग्रिडला खेचून बघितले, सगळं बरोबर बसलं आणि कोरस येऊनही आल्यासारखा वाटेना. तेव्हापासून आम्ही क्लिक लावत नाही. माझ्या हाताला मात्र सवय व्हायला खूप वेळ गेला, कारण मी आतल्या आत स्वतःचं मोजत बसायचो, ड्रमरकडे बघायला शिकावं लागलं, त्याचा उजवा खांदा कोरसच्या आधी थोडा वर जातो, मी आता तिथूनच उचलतो.

जॅमरूमच्या दोन गोष्टी अगदी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली कानांची. छोट्या खोलीत ड्रम्स आणि ॲम्प मिळून १०० डेसिबल सहज ओलांडतात. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपण तर दोन-दोन तास आत असतो. साधे फोमचे प्लग चालतात पण ते वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त खातात, म्युझिशियनसाठीचे फिल्टरवाले प्लग सगळं सारख्या प्रमाणात खाली आणतात. मी पहिल्या दिवसापासून लावतो, माझं निम्मं काम हेडफोनवरचं आहे, कान गेले तर दोन्ही संगीतं जातील. आणि हो, प्लग लावूनसुद्धा पँट थरथरतेच, ते अंगावर येणारं काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. लॅपटॉप, साउंड कार्ड, हेडफोन एवढ्या जगात हा विषय येतच नाही. गिटारच्या स्ट्रिंग्ज ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि गायकाचा माइक पीएच्या (गाण्यासाठीच्या स्पीकर यंत्रणेच्या) ग्राउंडला. आपल्याकडे कितीतरी जागी सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थची वायरच नसते, किंवा ॲम्प एका लाइनवर आणि पीए दुसऱ्या. अशा वेळी हात स्ट्रिंग्जवर आणि ओठ माइकला लागले की मधलं सर्किट तुम्ही पूर्ण करता. नशीब चांगलं असेल तर ओठाला चटका बसून सुटाल. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वानसीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर असाच माइकला हात लागून शॉकने दगावला. आमच्या जॅमरूमचे काका या बाबतीत इतके कडक आहेत की कुणी दोन पिनचं ॲडॉप्टर लावलेलं दिसलं तर ते स्वतः येऊन काढतात, आणि म्हणूनच आम्ही तिथे जातो. नवीन जागी गेलो की मी पहिल्यांदा मल्टिमीटरने स्ट्रिंग्ज आणि माइकची जाळी यांच्यामध्ये व्होल्टेज बघतो, मग गिटार गळ्यात. हम (विजेची घरघर) येतो म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, हम साठी दुसरे उपाय आहेत, गिटारवर ही घरघर मारणारे हमबकर पिकअप आहेत, सगळं विजेच्या एकाच बोर्डवरून घेणं आहे, सिग्नलच्या वायरीपुरतं ग्राउंड तोडणारं डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट आहे.

रेकॉर्डिंगला आम्ही गिटारसाठी एकच माइक वापरला, शुअरचा एसएम५७, १९६५ पासून तोच बनतोय आणि जगभर तोच लावतात. मी आत हेडफोन लावून बसलो, बासिस्ट ॲम्पसमोर बसून माइक बोटभर बोटभर सरकवत होता. कोनच्या बरोबर मध्यावर ठेवला तर आवाज काचेसारखा टोचतो, कडेला नेला तर गोधडी पांघरल्यासारखा, आणि या दोन्हींच्या मध्ये, डस्ट कॅपच्या (कोनच्या मध्यावरच्या गोल टोपीच्या) काठाला, एक जागा आहे जिथे एकदम सगळं खरं वाटतं. इक्यूच्या (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी कमीजास्त करायच्या) आठ बँडनी मी जे करायचो ते इथे एका इंचात होत होतं. सापडल्यावर आम्ही फरशीवर टेप लावून खुणा केल्या.

मग डबल ट्रॅकिंग. रॉकमध्ये डावीकडे एक गिटार आणि उजवीकडे एक, त्यामुळे ती भिंत उभी राहते. माझ्या लॅपटॉपवाल्या डोक्याला वाटलं होतं एक टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकला की झालं. होत नाही, दोन्हीकडे तंतोतंत तेच असेल तर कानाला ते मध्येच ऐकू येतं, फक्त थोडं मोठं. कॉपी काही मिलिसेकंद मागे ढकलली तर रुंदी येते पण मोनोमध्ये काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात आणि आवाज पोकळ होतो. दोन्ही वेळा वाजवावंच लागतं, खरं खरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कारण दोन टेकमध्ये पिक लागायची वेळ, बोटाचा दाब, सुराची उंची, सगळं केसाएवढं वेगळं असतं आणि ती भिंत त्या केसाएवढ्या फरकांची बनलेली आहे. खरं तर हे मला माहीत होतं, सिंथवरच्या सुपरसॉ या आवाजात सात सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारख्या लहरी) जराजरा बेसूर करून हेच करतात. पण ते मशीनकडून करवून घेणं आणि एकच रिफ दुसऱ्यांदा तितक्याच तन्मयतेने वाजवणं यात खूप अंतर आहे, दुसऱ्या टेकला पहिला टेक कानात ऐकत मी माझ्याच सोबत वाजवत असतो, आणि ते मला अतिशय आवडतं.

मिक्समध्ये गिटार एकटी ऐकली तर बारीक वाटते, याची भीती वाटू देऊ नका. ती ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापून टाका, ती जागा बासची आणि किकची आहे. टेक्नोमध्ये खालच्या मजल्यावर मी कुणाला पाऊल ठेवू द्यायचो नाही, किक आणि सब (सगळ्यात खालचा बास), बस, ती शिस्त इथे तशीच्या तशी उपयोगी पडली. गेनही जॅमरूममध्ये जेवढा असतो त्यापेक्षा रेकॉर्डिंगला कमी लागतो, नाहीतर दोन गिटार मिळून नुसता गाळ होतो.

गातो बासिस्ट, मराठीत. इंग्रजीत लिहायचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. पाम म्यूटच्या वर मराठी शब्द फार छान बसतात, दगड, झाड, वाट, फाटक, सगळे शेवटी कापून थांबणारे, आणि कोरसला जिथे ओढायचंय तिथे आ-कारान्त शब्द ठेवले की गळा मोकळा सुटतो.

लाइव्हला सगळ्यात मोठा बदल म्हणजे घड्याळ. इलेक्ट्रॉनिक सेट बंद क्लबमध्ये उशिरा, रॉकचा गिग उघड्यावर असला तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ला स्पीकर बंद, त्यामुळे आठला स्टेजवर आणि चाळीस मिनिटांत खाली. दोन तास हळूहळू चढवत न्यायची माझी सवय तिथे काही कामाची नाही. पहिल्या मिनिटातच काय ते.

पण त्या चाळीस मिनिटांत एक जागा मी स्वतःसाठी राखून ठेवलीये. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी सगळे थांबतात, मी कॅबिनेटपासून तीन-चार पावलांवर, अंग थोडं डावीकडे वळवून, जी स्ट्रिंगवर सातव्या फ्रेटचा डी दाबून उभा राहतो. आधी तो सूर नुसता टिकतो. मग मूळ सूर पातळ होत जातो आणि त्याच्यातूनच वरचा डी उगवतो, कुणी न वाजवलेला, स्पीकरचा आवाज स्ट्रिंगला हलवतोय आणि स्ट्रिंग स्पीकरला. अर्धं पाऊल पुढे टाकलं की तो पंचमावर उडी मारतो, मागे आलो की परत. कुठल्या हॉलमध्ये कुठल्या पावलावर कुठला सूर मिळेल हे साउंडचेकला चालून शोधावं लागतं, प्रत्येक जागा वेगळी, आणि एखाद्या जागी तो मिळतच नाही, मग ई-बो (स्ट्रिंग सतत वाजती ठेवणारं छोटं यंत्र) किंवा दुसरा फ्रेट शोधायचा. सिंथवर पॅच (बसवलेला आवाज) सेव्ह करून कुठेही उघडता यायचा. हा सेव्ह होत नाही आणि मला तो तसाच हवाय.

सध्या मी जुन्या कामाला या नव्या कामातून काढतोय. माझ्या मॉड्युलर सिंथमधून निघालेली सिक्वेन्स (आपोआप वाजणारी सुरांची ओळ) रीॲम्प बॉक्समधून त्याच पंधरा वॉटच्या ॲम्पमध्ये घालतो, कारण साउंड कार्डचा लाइन लेव्हल सरळ गिटारच्या इनपुटला द्यायचा नसतो, तो आधी उतरवावा लागतो. सॉ वेव्ह आधीच हार्मोनिक्सनी भरलेली असल्यामुळे डिस्टॉर्शनमध्ये तिचं फारसं काही होत नाही, साइन आणि ट्रायँगल मात्र कमालीच्या उघडतात. दोन गाण्यांत कोरसच्या खाली असा ट्रायँगल आहे, आणि ड्रमर क्लिकवर नसल्यामुळे सिक्वेन्सरचं घड्याळ त्याच्या स्नेअर ड्रमवरच्या ट्रिगरवरून (फटका ओळखणाऱ्या सेन्सरवरून) चालवतोय, म्हणजे तो पुढे झुकला की मशीनही पुढे झुकतं. ट्रिगर कधीकधी रिमचा फटकाही स्नेअर समजतो, त्याचा थ्रेशोल्ड (किती जोराचा फटका मोजायचा ती मर्यादा) अजून नीट बसवायचाय. उरलेल्या गाण्यांचे ड्रम्स अनंत चतुर्दशीनंतर, पथक मोकळं झालं की.